भीष्माष्टमीचे तर्पण : वडील हयात असताना करावे का, रविवारी तीळ चालतात का, आणि नेमका विधी

उंबराची_सावली

नमस्कार. माघ शुद्ध अष्टमी, म्हणजे भीष्माष्टमी, २०२७ मध्ये १४ फेब्रुवारीला आहे आणि तो रविवार आहे. भीष्मतर्पण घरी करायचे आहे, पण चार-पाच ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

१. वडील हयात असताना मुलाने तीळ-पाण्याचे तर्पण करायचे नसते असेच ऐकत आलो. भीष्मतर्पणालाही तेच लागू होते का?
२. रविवारी तिलतर्पण निषिद्ध आहे असे एका जुन्या पोथीत वाचले. मग यंदा काय करायचे?
३. कुठे "भीष्मश्राद्ध" लिहिलेले असते, कुठे "भीष्मतर्पण". दोन्ही करायचे की एकच?
४. तर्पणात गोत्र आपले उच्चारायचे की भीष्मांचे?
५. फ्लॅटमध्ये राहतो, नदी जवळ नाही. ताम्हनात तर्पण करून ते पाणी कुठे घालायचे?

आणि मुळात, भीष्म आपल्या कुळातले नाहीत. मग त्यांना पाणी आपण का द्यायचे, हेही कोणी नीट मांडले तर बरे होईल.

पळी_पंचपात्र

चांगला धागा. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक शंका त्याच्या उत्तरातच सुटतात.

आपण पितरांना पाणी देतो ते "हे माझे" म्हणून. भीष्मांना देतो ते "यांना देणारे कोणी नाही" म्हणून. सत्यवतीच्या वडिलांना दिलेल्या शब्दासाठी त्यांनी राज्य सोडले आणि जन्मभर ब्रह्मचर्य पाळले. त्यामुळे वंश नाही, आणि वंश नाही म्हणून तिलोदक देणारा मुलगा-नातूही नाही. तर्पणाच्या श्लोकातला कळीचा शब्द "अपुत्राय" हाच आहे. ज्यांना कुरुकुळाचे पितामह म्हणतात त्यांचे पुत्रकर्म सगळ्या समाजाने वाटून घ्यावे, अशी ही योजना आहे. निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मशास्त्राची वचने एकत्र करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांत, तर स्पष्ट वचन आहे :

ब्राह्मणाद्याश्च ये वर्णा दद्युर्भीष्माय नो जलम् ।
संवत्सरकृतं तेषां पुण्यं नश्यति सत्तम ॥

"ब्राह्मणाद्याः ये वर्णाः" म्हणजे सगळे वर्ण. हे एका जातीचे किंवा एका शाखेचे कर्म नाही. न केल्यास वर्षभराचे पुण्य जाते असे म्हटले असल्यामुळे ते नित्य, म्हणजे चुकवू नये असे, मानले जाते.

यातूनच तुमचा तिसरा प्रश्न सुटतो. तर्पण नित्य आहे आणि श्राद्ध काम्य. श्राद्धाचे फळ "ते स्युः सन्ततिभागिनः" असे सांगितले आहे, म्हणजे संततीची इच्छा असणाऱ्याने ते करावे. ज्यांना करायचे असेल त्यांनी ते एकोद्दिष्ट पद्धतीने करावे : एकाच व्यक्तीला उद्देशून, एक अर्घ्यपात्र, एक पवित्रक (दर्भाची अंगठी), एक पिंड; विश्वेदेव नाहीत, आवाहन नाही, अग्नौकरण नाही. हे गुरुजींशिवाय घरी करायला जाऊ नये. फक्त तर्पण केले तरी दिवस पुरा होतो. वेळ लागतो वीस मिनिटे.

तिथी_निश्चिती

वर पळी_पंचपात्र यांनी पाया घातलाच आहे. मी पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

वडील हयात असणाऱ्याला जीवत्पितृक म्हणतात. त्याला आपल्या पितरांचे तर्पण नाही हे खरे. पण दोन अपवाद आहेत, यम आणि भीष्म : "जीवत्पितापि कुर्वीत तर्पणं यमभीष्मयोः". कमलाकरभट्टांच्या निर्णयसिंधूत (१६१२) हे वचन घेतलेले आहे. यमतर्पण नरकचतुर्दशीला आणि भीष्मतर्पण माघ शुद्ध अष्टमीला. जीवत्पितृकाने हेही करू नये असे मानणारा एक पक्ष आहे, तेव्हा तुमच्या घरी पूर्वापार नकार असेल तर त्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. पण करण्याच्या बाजूने वचन सरळ आहे आणि बहुतेकांचा कलही तिकडेच आहे. आधी वडिलांना विचारा. तेही करणार असतील तर दोघांनी शेजारी बसून करावे, ताम्हने मात्र वेगवेगळी घ्यावीत.

जीवत्पितृकाला एक मर्यादा आहे. अपसव्य करताना जानवे पूर्ण उजव्या खांद्यावर न नेता प्रकोष्ठापर्यंत, म्हणजे कोपराच्या खालच्या भागापर्यंतच आणायचे. वडील किंवा आई हयात असताना पितृकर्मातले पूर्ण अपसव्य टाळायचे, म्हणून ही तडजोड.

आता रविवार. तुम्ही वाचलेला निषेध बरोबर आहे :

सप्तम्यां रविवारे च गृहे जन्मदिने तथा ।
भृत्यपुत्रकलत्रार्थी न कुर्यात्तिलतर्पणम् ॥

पण हा निषेध रोजच्या तर्पणाचा आहे. त्याचा अपवादही तितकाच प्रसिद्ध आहे :

तीर्थे तिथिविशेषे च गङ्गायां प्रेतपक्षके ।
निषिद्धेऽपि दिने कुर्यात्तर्पणं तिलमिश्रितम् ॥

"तिथिविशेषे" या शब्दात भीष्माष्टमी बसते. शिवाय भीष्मतर्पणाच्या मूळ विधानातच "सतिलं भीष्मतर्पणम्" असे शब्द आहेत, म्हणजे तीळ हा या कर्माचा भाग आहे. रविवार म्हणून तीळ वगळले तर कर्मच अपुरे राहील. पहिल्या श्लोकातले "गृहे" सुद्धा याच अपवादाने सुटते, त्यामुळे नदी जवळ नाही याची काळजी नको.

जाता जाता एक. आदल्या दिवशी रथसप्तमी असते आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा हंगाम त्या दिवशी संपतो. त्यामुळे घरात तीळ असतात, पण ते पांढरे, पॉलिशचे किंवा भाजलेले. ते तर्पणाला घेऊ नका. काळे, कच्चे, न भाजलेले तीळ वेगळे आणा. पन्नास ग्रॅमची पुडी खूप झाली, लागतात जेमतेम चमचाभर.

कोकणकडा_७

वेळेचे काय? उदयतिथी, म्हणजे सूर्योदयाची तिथी, अष्टमी असली की सकाळी आंघोळ झाल्यावर लगेच करून टाकले तरी चालते ना? नोकरी करणाऱ्यांना तेच सोयीचे पडते.

तिथी_निश्चिती

@कोकणकडा_७ : इथे उदयतिथीवर जाऊ नये. एकोद्दिष्टाचा काळ मध्याह्न आहे, म्हणून भीष्माष्टमीला मध्याह्नव्यापिनी अष्टमी घेतात. ज्या दिवशी मध्याह्नी अष्टमी असेल तो दिवस, मग सूर्योदयाला सप्तमी का असेना. काही वर्षी याच कारणाने दोन पंचांगांत किंवा दोन गावांत दिवस वेगळा दिसतो आणि लोकांना वाटते पंचांग चुकले.

मध्याह्न म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. दिनमानाचे पाच भाग करायचे : प्रातःकाळ, संगव, मध्याह्न, अपराह्ण, सायाह्न. तिसरा भाग तो मध्याह्न. फेब्रुवारीच्या मध्यावर मुंबईकडे सूर्योदय साधारण ७.०५ आणि सूर्यास्त ६.४० धरा. दिनमान झाले ११ तास ३५ मिनिटे, त्याचा पाचवा भाग २ तास १९ मिनिटे. सूर्योदयात असे दोन भाग मिळवले की ११.४३. तिथून २.०२ पर्यंत मध्याह्न. आपल्या गावाचा सूर्योदय-सूर्यास्त घेऊन हेच गणित करावे, पाच-दहा मिनिटांचाच फरक पडतो.

यंदा रविवार असल्यामुळे ही वेळ पाळणे नोकरदारांनाही अवघड नाही. एरवी कामाच्या दिवशी अगदीच अशक्य असेल तर अष्टमी असताना सकाळी केलेले तर्पण, अजिबात न करण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण घरी असताना साडेसातला उरकून टाकू नये.

पळी_पंचपात्र

आता प्रत्यक्ष कृती लिहितो. गुरुजी नसतानाही हे करता येते, कारण यातले सगळे मंत्र पौराणिक आहेत. वेदमंत्रांप्रमाणे स्वरांची अट नाही, फक्त उच्चार स्वच्छ हवा.

साहित्य : तांब्याचा तांब्या भरून पाणी, पळी-पंचपात्र, मोठे ताम्हन, चमचाभर काळे तीळ, दर्भाच्या सहा-सात काड्या, थोडे गंध, अक्षता, एक-दोन पांढरी फुले. भांडी तांब्याची किंवा चांदीची घ्यावीत. लोखंडाचे भांडे पितृकर्माला वर्ज्य. ताम्हन खरोखर मोठे आणि खोलगट घ्या. लहान घेतले की दुसऱ्या ओंजळीलाच पाणी काठावरून जमिनीवर येते आणि लक्ष मंत्राऐवजी फडक्याकडे जाते.

स्नान करून धूतवस्त्र नेसावे. पूर्वेकडे तोंड करून आचमन, प्राणायाम. मग देशकालाचा उच्चार. यंदाचा असा : शके १९४८, पराभवनाम संवत्सरे, उत्तरायणे, शिशिरऋतौ, माघमासे, शुक्लपक्षे, अष्टम्यां तिथौ, भानुवासरे. देशाच्या उच्चारात "गोदावर्याः दक्षिणे तीरे" हे छापील वाक्य सगळेच म्हणतात. पुणे, मुंबई, सातारा, कोकण यांना ते बरोबर आहे, पण नागपूर, अकोला, जळगावकरांनी "उत्तरे तीरे" म्हणायला हवे. परदेशात असाल तर राहता तो देश आणि गाव सरळ उच्चारावे. शेवटी "श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं भीष्माष्टम्यां भीष्मतर्पणं करिष्ये" म्हणून उजव्या हातावरून पाणी सोडायचे. इथपर्यंत सगळे सव्याने, म्हणजे जानवे नेहमीप्रमाणे डाव्या खांद्यावर.

मग अपसव्य करून दक्षिणेकडे तोंड करावे. डावा गुडघा जमिनीला टेकवावा. उजव्या हाताच्या अनामिकेत पवित्रक. नेहमीचे दोन दर्भांचे चालते, पितृकर्माला तीन दर्भांचे करणारी घरेही आहेत. तीन दर्भ मधोमध दुमडून, अग्रे दक्षिणेकडे करून ओंजळीत धरावेत. तीळ तळहातावर घ्यावेत. मनगटावरच्या केसांना तीळ चिकटू देऊ नयेत, त्याचा दोष सांगितला आहे. हात ओले करून मगच तीळ घेतले तर ते तळव्यालाच राहतात.

आता पाणी घेऊन म्हणायचे :

भीष्मः शान्तनवो वीरः सत्यवादी जितेन्द्रियः ।
आभिरद्भिरवाप्नोतु पुत्रपौत्रोचितां क्रियाम् ॥
वैयाघ्रपद्यगोत्राय सांकृत्यप्रवराय च ।
अपुत्राय ददाम्येतज्जलं भीष्माय वर्मणे ॥

श्लोक संपताना पाणी पितृतीर्थाने सोडावे. पितृतीर्थ म्हणजे उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा. असे तीन वेळा, दर वेळी श्लोक पुन्हा म्हणून आणि तीळ पुन्हा घेऊन. एका अंजलीला दोन-तीन पळ्या पाणी पुरते.

यानंतर सव्य करावे, आचमन करावे, पुन्हा पूर्वेकडे वळावे. दर्भ आणि तीळ बाजूला ठेवून हात धुवावेत. आता पाण्यात गंध, अक्षता, फूल घालून दोन्ही हातांनी अर्घ्य द्यायचे :

वसूनामवताराय शन्तनोरात्मजाय च ।
अर्घ्यं ददामि भीष्माय आबालब्रह्मचारिणे ॥

अर्घ्य एकदा. मग नमस्कार, आणि "अनेन भीष्मतर्पणाख्येन कर्मणा भगवान् श्रीपरमेश्वरः प्रीयताम्" म्हणून पाणी सोडायचे. पवित्रक सोडून टाकावे, दोनदा आचमन करावे. झाले.

तुमचा चौथा प्रश्न : तर्पणाच्या मंत्रात गोत्र भीष्मांचे, वैयाघ्रपद्य. आपले गोत्र संकल्पात आपल्या नावापुढे उच्चारले तर तेवढेच. "वर्मणे" हे क्षत्रियाचे नामांत आहे, त्यामुळे सवयीने "शर्मणे" म्हणू नये. रोज पितृतर्पण करणाऱ्यांच्या तोंडून ते हटकून जाते.

दर्भाचे_मूळ

फार उत्तम लिहिले आहे. प्रत्यक्षात चुका कुठे होतात ते सांगतो.

सर्वांत मोठी चूक अर्घ्याच्या वेळची. तर्पण झाल्यावर लोक अपसव्यातच, दक्षिणेकडेच तोंड ठेवून, त्याच तिळाच्या पाण्याने अर्घ्यही देऊन टाकतात. या विधीची सगळी खुबी त्या वळणात आहे. आधीचे पाणी निपुत्रिक पूर्वजाला आहे, म्हणून अपसव्य, तीळ, दक्षिण. नंतरचे अर्घ्य अष्टवसूंपैकी एकाच्या अवताराला आहे, म्हणून सव्य, गंधाक्षता, पूर्व. वसिष्ठांची धेनू पळवल्याबद्दल वसूंना मनुष्यजन्माचा शाप मिळाला, सात जण जन्मताच गंगेत सुटले आणि आठवा मागे राहिला तो हा. एकाच व्यक्तीला दहा मिनिटांच्या अंतराने पितर म्हणून आणि देव म्हणून पाणी द्यायचे आहे, तेव्हा मधले आचमन आणि दिशा बदलणे गाळले की अर्धा अर्थ गेला.

दुसरी चूक, पाणी बोटांच्या टोकांवरून सोडणे. ते देवतीर्थ. ओंजळ पुढे कलती केली की पाणी आपोआप बोटांवरून जाते. मनगट किंचित आत वळवून उजवा तळहात उजवीकडे कलता करावा, म्हणजे धार अंगठा-तर्जनीमधून पडते. साध्या पाण्याने आधी दोनदा करून पाहावे.

दर्भाबद्दल. दर्भ घ्यायची तिथी श्रावण अमावास्या, म्हणजे आपली पिठोरी. त्या दिवशी काढलेले दर्भ वर्षभर वापरता येतात असे शास्त्र आहे, तेव्हा गावाकडून कोणी येणार असेल तर आधीच सांगून ठेवावे. पूजासाहित्याच्या दुकानात मिळणारी जुडी अनेकदा साध्या गवताची असते. खऱ्या दर्भाच्या पात्याची कड धारदार लागते आणि अग्र सुईसारखे असते. बोट उलट्या दिशेने फिरवले की लगेच कळते. अग्र तुटलेले दर्भ घेऊ नयेत. अगदीच न मिळाल्यास काश किंवा दूर्वा चालतात. तर्पणात वापरलेले दर्भ पुन्हा देवकार्याला घ्यायचे नाहीत.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर : ताम्हनातले पाणी बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नये. सोसायटीतल्या एखाद्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, जिथे पायदळी येणार नाही तिथे घालावे. तुळशीला मात्र पितृकर्माचे पाणी घालत नाहीत. घरातल्या कुंडीत घातले तर काळे तीळ कच्चे असल्यामुळे आठवड्याभरात उगवतात. त्यात दोष काही नाही, पण माहीत असावे. अर्घ्याचे पाणी वेगळ्या भांड्यात घेतले असेल तर ते फुलझाडाला घालायला हरकत नाही.

आणि घरात सुतक असेल तर त्या वर्षी तर्पण करू नये. नंतरच्या एखाद्या दिवशी भरपाई म्हणून करण्याचीही गरज नाही.

सोनचाफा_अंगण

एक विचारते. मुलगा नसलेल्या घरात, किंवा नवरा परदेशी असताना, बाईने हे तर्पण केले तर चालते का? आणि मुंज न झालेल्यांनी अपसव्य कसे करायचे? वरच्या वचनात "सगळे वर्ण" म्हटले आहे, मग जानव्याची अट कशी लागू होईल?

पळी_पंचपात्र

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. जानवे नसेल तर उपरणे किंवा धूतवस्त्र त्याच रीतीने घ्यायचे : संकल्पाला डाव्या खांद्यावरून, तर्पणाला उजव्या खांद्यावरून, अर्घ्याला परत डाव्या. वरचे वचन सर्व वर्णांना उद्देशून आहे आणि मंत्र पौराणिक आहेत, त्यामुळे मुंज झालेली नाही म्हणून कर्म अडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत घराघरांची रीत वेगळी आहे. काही ठिकाणी स्त्रिया दर्भ न घेता फक्त तिलोदक देतात, काही ठिकाणी फक्त शेवटचे अर्घ्य देतात. माझे स्पष्ट मत असे की जे कर्म "देणारे कोणी नाही" या एका कारणाने सुरू झाले, तिथे देणाऱ्या हातावर अटी वाढवत जाऊ नये. श्लोक म्हणून तीन अंजली द्याव्यात. श्लोक येत नसतील तर "भीष्माय नमः, तिलोदकं ददामि" एवढेही पुरे.

बाणगंगा

विधीबद्दल सर्व काही आले आहे. थोडे महाभारताच्या बाजूने, कारण या दिवशी पाणीच का, हे तिथे फार सुंदर सापडते.

युद्धाच्या दहाव्या दिवशी भीष्म पडले. शरशय्येवर तहान लागली तेव्हा राजे लोक खाण्याचे पदार्थ आणि थंड पाण्याचे कुंभ घेऊन धावले. भीष्मांनी ते नाकारले आणि अर्जुनाला हाक मारली. अर्जुनाने पर्जन्यास्त्राने त्यांच्या दक्षिण पार्श्वाजवळची भूमी भेदली आणि तिथून निर्मळ धार वर आली. नातवाने दिलेले पाणी तेवढे त्यांनी घेतले. कुरुक्षेत्राजवळ नरकातारी गावातले बाणगंगेचे कुंड, ज्याला भीष्मकुंडही म्हणतात, याच प्रसंगाशी जोडलेले आहे.

दुसरा प्रसंग अनुशासनपर्वातला. भीष्म गंगाद्वारी शंतनूचे श्राद्ध करत होते. पिंड द्यायच्या वेळी दर्भांतून अलंकार घातलेला एक हात वर आला, वडिलांचाच. भीष्मांनी क्षणभर विचार केला की पिंड हातावर द्यावा असे शास्त्र नाही, पिंड कुशांवर ठेवावा असे आहे. त्यांनी तो कुशांवरच ठेवला. हात अदृश्य झाला आणि पुढे पितरांनी स्वप्नात येऊन समाधान सांगितले. जो माणूस वडिलांचा हात समोर आला असतानाही विधीपासून ढळला नाही, त्याच्यासाठीचे कर्म आपण दर्भाचे अग्र आणि हाताचे तीर्थ सांभाळून करावे हे मला अगदी योग्य वाटते.

@उंबराची_सावली, एक भर : त्या दिवशी संध्याकाळी विष्णुसहस्रनाम म्हणावे. ते भीष्मांनीच युधिष्ठिराला अनुशासनपर्वात सांगितले आहे. आंध्र-तेलंगणात तीन दिवसांनी येणारी माघ शुद्ध एकादशी भीष्म एकादशी म्हणून पाळतात आणि तिथे सहस्रनामाच्या पठणाला फार महत्त्व आहे.

कोकणकडा_७

@बाणगंगा, एक हिशेब जुळत नाही. भीष्म अठ्ठावन्न रात्री शरशय्येवर होते म्हणतात. युद्ध मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला, गीताजयंतीला सुरू झाले. मग दहावा दिवस मार्गशीर्ष वद्य पंचमी. तिथून माघ शुद्ध अष्टमीपर्यंत अठ्ठावन्न होतात कुठे?

बाणगंगा

होत नाहीत, हिशेब तुमचा बरोबर आहे. वद्य पंचमीपासून मार्गशीर्ष अमावास्येपर्यंत १०, पौषाच्या ३०, माघाच्या ८, एकूण ४८ तिथी. महाभारतातले शब्द मात्र स्पष्ट आहेत :

अष्टपञ्चाशतं रात्र्यः शयानस्याद्य मे गताः ।
शरेषु निशिताग्रेषु यथा वर्षशतं तथा ॥

"तीक्ष्ण अग्रांच्या बाणांवर पडून आज मला अठ्ठावन्न रात्री झाल्या, त्या शंभर वर्षांसारख्या गेल्या." गंमत अशी की गीताजयंतीपासून भीष्माष्टमीपर्यंत मोजले तर दोन्ही टोके धरून बरोबर ५८ तिथी येतात. म्हणून काही जण ५८ चा आकडा युद्धारंभापासून मोजतात. पण श्लोकातल्या "शयानस्य" या शब्दाशी ते बसत नाही, त्यामुळे मला तो मार्ग पटत नाही.

पुढच्याच श्लोकात "माघोऽयं समनुप्राप्तः" असे महिन्याचे नाव आहे आणि "त्रिभागशेषः पक्षोऽयं शुक्लो भवितुमर्हति" असे पक्षाचे वर्णन. "त्रिभागशेष" चे अर्थ टीकाकारांनी एकाहून अधिक लावले आहेत. म्हणजे महिना आणि पक्ष महाभारतातला, अष्टमी ही तिथी पुराणवचने आणि निबंधग्रंथांनी पक्की केलेली. गीताजयंती आणि भीष्माष्टमी या दोन स्वतंत्र परंपरा आहेत. त्यांना एकाच दिनदर्शिकेत ओढून बसवायला गेले की कुठेतरी शब्द वाकवावे लागतात. ओढू नयेत.

सोनचाफा_अंगण

भीष्मपंचक म्हणजे हेच का?

तिथी_निश्चिती

नाही. भीष्मपंचक कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा, पाच दिवसांचे व्रत. बंगालमध्ये पितृतर्पणाच्या क्रमातही भीष्मतर्पण येते आणि मंत्र हाच, वैयाघ्रपद्यगोत्राय. आपल्याकडे मात्र ते माघातल्या या एका दिवसावर आले आहे.

परदेशातल्या वाचकांसाठी : अष्टमी जगभर एकाच क्षणी लागते, पण तुमचा मध्याह्न वेगळा. भारतातली तारीख डोळे मिटून घेऊ नका. तुमच्या शहराचे पंचांग काढा, मध्याह्नाचे वरचे गणित करा आणि त्या वेळात अष्टमी आहे का ते पाहा.

उंबराची_सावली

सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटची शंका. आमच्या घरच्या हस्तलिखित वहीत श्लोक "वैयाघ्रपादगोत्राय सांकृतिप्रवराय च । गङ्गापुत्राय भीष्माय प्रदास्येऽहं तिलोदकम्" असा आहे. वर दिलेल्यापेक्षा वेगळा. कोणता म्हणू?

दर्भाचे_मूळ

दोन्ही पाठ प्रचारात आहेत. व्याघ्रपाद ऋषींच्या गोत्राचे रूप व्याकरणाने "वैयाघ्रपद्य" होते, तेवढी दुरुस्ती वहीत पेन्सिलने करून ठेवा. "सांकृति" आणि "सांकृत्य" दोन्ही छापलेले आढळते. "गङ्गापुत्राय" हा पाठ घरचा असेल तर तोच म्हणावा, फक्त तुमच्या पाठात "अपुत्राय" हा शब्द पुढच्या ओळीत कुठे आहे ते पाहा. बहुधा "अपुत्राय ददाम्येतत्" अशी ओळ मागच्या पानावर असेल किंवा नकलताना सुटली असेल. ती सोडू नका.

उंबराची_सावली

आहे. पान उलटल्यावर पहिलीच ओळ तीच आहे.